भट्टीवर गेलेली मुलं

घर ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदला आणि काम परदेशी निधीवरचं, अशी माझी नऊ वर्षं गेली. सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं, काही वर्षं नोकरी केली आणि २०१६ मध्ये स्वतःची सल्लागार फर्म काढली. पोषणाचे, लसीकरणाचे, क्षयरोगाचे काही प्रकल्प परदेशी पैशावर चालतात. त्यांची पाहणी करायची, आकडे गोळा करायचे, अहवाल लिहायचा, हे आमचं काम. शहापूर-मुरबाड तालुक्यांतली शिकलेली मुलंमुली सर्वेक्षक म्हणून घेतली, गावात राहून जगाचं काम करतो याचा अभिमान होता. आता याच व्यवसायात येऊ पाहणारी तरुण मंडळी अधूनमधून घरी येतात. त्यांना जे सांगतो, ते इथे लिहितो आहे.

तिसऱ्या वर्षापासून माझी बहुतेक मिळकत एकाच संस्थेकडून येऊ लागली. संस्था मोठी, पैसे वेळेवर, माणसं सभ्य. मला वाटलं, जम बसला. पण तेव्हापासून त्या संस्थेला ‘नाही’ म्हणणं मला जमेनासं झालं.

२०२२ च्या जानेवारीअखेर त्याच संस्थेचा फोन आला. डोळखांब आणि टोकावडे परिसरातल्या पाड्यांवर पाच वर्षांखालच्या मुलांच्या कुपोषणाची पाहणी करायची, अहवाल मार्चअखेर द्यायचा. निधीचं वर्ष संपत होतं. पहिल्याच पाड्यावर अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, “सर, आत्ता कुणाला मोजणार? कातकऱ्यांची घरं बंद आहेत. उचल घेऊन सगळे भट्टीवर गेलेत. पावसाच्या तोंडाला येतील, तेव्हा या.”

दारांना आडव्या काठ्या बांधलेल्या होत्या. एका अंगणात चूल होती, तिच्यात राखसुद्धा उरली नव्हती. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. दिवाळी झाली की कातकरी आदिवासींची कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरं बरोबर असतात, हे इथला शाळकरी मुलगाही सांगेल. कसारा लोकलने वाशिंदहून मुंबईला जाताना मी त्या भट्ट्या वर्षानुवर्षं खिडकीतून पाहत आलो होतो.

त्या दिवशी फोन करून मुदत मागायला हवी होती. मी मागितली नाही. पुढचं काम दुसऱ्याला जाईल, ही भीती. बंद घरं ‘कुटुंब उपलब्ध नाही’ या रकान्यात गेली आणि जी मुलं पाड्यावर होती त्यांचे दंड आम्ही मोजले. दंडघेराची पट्टी तीन रंगांची असते: साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. आमच्या पाहणीत हिरवा भरपूर आला. तीव्र कुपोषण घटल्याचं अहवालात लिहिलं गेलं. खाली सही माझी.

जूनमध्ये मी आपण होऊन त्याच पाड्यावर गेलो. ताईंनी भट्टीवरून परतलेलं दोन वर्षांचं एक मूल मांडीवर घेतलं, दंडाला पट्टी लावली, ओढली. लाल. पोर रडतही नव्हतं, नुसतं बघत होतं. मग दुसरं, तिसरं. “ही तुमच्या कागदात नाहीत ना?” ताईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. निधीचं वर्ष बंद झालं होतं, पत्र फायलीत गेलं.

पुढे जे झालं ते सगळ्या जगाने पाहिलं. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली आणि १ जुलैला ती मदत देणाऱ्या यूएसएड या यंत्रणेचं कामच अधिकृतपणे बंद झालं. माझ्या गिऱ्हाइकाचे, म्हणजे त्याच मोठ्या संस्थेचे, प्रकल्प त्या पैशावर होते. काम थांबवा, असं पत्र आलं. माझ्या करारात आगाऊ सूचनेचं कलमच नव्हतं. सर्वेक्षकांचा दोन महिन्यांचा पगार मी घरावर कर्ज काढून दिला.

म्हणून सांगतो, कुठलंही एक गिऱ्हाईक तुमच्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. हा नियम पुस्तकातला नाही, माझ्या कर्जातून आलेला आहे. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: काम सुरू होताना आगाऊ रक्कम, काम थांबवायचं तर किमान ६० दिवसांची सूचना, आणि तोवर नेमलेल्या माणसांचा पगार कुणी द्यायचा ते. तुम्हाला मिळणारा पैसा सेवेचा मोबदला आहे, देणगी नव्हे, हेही स्पष्ट शब्दांत हवं. कारण परकीय देणगी नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक असेल तर जीएसटीचं हमीपत्र दरवर्षी भरा, उद्यम नोंदणी करा. हे सगळं चांगला सीए एका बैठकीत समजावतो. माझ्यासारखा उशीर करू नका.

पण खरी गोष्ट पाहणीच्या वेळापत्रकाची आहे. ते गावाप्रमाणे कसं ठरतं, याची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून गडचिरोलीत राहायला गेले. १९८६ मध्ये त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत झाला, तुलनेला ४७ गावं होती, आणि गावातल्याच बायकांना शिकवून तो उभा राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो छापला, २०११ पासून आशाताई देशभर तेच काम करतात. त्याही आधी, १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या कामात, आरोळे दांपत्याने हेच केलं होतं: गावातल्या बाईच्या हाती आरोग्य दिलं. अशा कामाचा आकडा जग मानतं, कारण तो गावाच्या ऋतूंप्रमाणे, गावातल्या माणसांनी गोळा केलेला असतो.

मी आता लहान कामं घेतो. कामाची तारीख ठरवण्याआधी पाड्यावरच्या ताईंना फोन करतो. मोजणी दोनदा करतो, एकदा पाड्यावर आणि एकदा भट्टीवर. दुसऱ्या मोजणीचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून लिहितो. तो कापायला सांगितला तर काम सोडतो. दोन कामं अशी सोडली आहेत.

दिवाळीनंतर भट्ट्या पेटतील. या हंगामात शहापूर-मुरबाडमध्ये कुणी मुलांची पाहणी करणार असाल, तर पाड्यांच्या यादीशेजारी भट्ट्यांची यादीही करून निघा.