हरणांसाठी रायफल कोणती?

प्रश्न : येवला तालुक्यात ममदापूरजवळ आमची शेती आहे. हरणांचे कळप हरभरा, मका कोवळा असतानाच फस्त करतात. पीकरक्षणाचा शस्त्रपरवाना आहे. आखूड नळीची, सायलेन्सर लावलेली रायफल घ्यावी का?

उत्तर : नाही. रानातल्या हरणावर गोळी झाडायची नाही, मग नळी आखूड असो की लांब. तुमच्या शिवारात येतात ती काळविटं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये त्यांचा समावेश आहे. शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद, वर दंड. पीकरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, शिकारीचा नव्हे. हा घोळ गावोगावी होतो आणि त्यापायी चांगली घरं कोर्टाच्या फेऱ्यांत अडकतात.

तुमचं नुकसान मात्र खरं आहे आणि त्याची भरपाई शासन देतं. पीक खाल्लेलं दिसताच तीन दिवसांच्या आत वन, कृषी किंवा महसूल कार्यालयात लेखी अर्ज द्या. कुरतडलेले शेंडे आणि मातीत उमटलेले दोन फाकांचे टोकदार खूर एकाच फोटोत घ्या. पंचनामा होईपर्यंत ते वाफे मोडू नका. अडचण आली तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. सौरकुंपणाच्या अनुदानाचीही तिथेच चौकशी करा. घरच्या विजेची तार कुंपणाला कधीही जोडू नका, माणसं मरतात.

आणि विहिरीला कठडा नसेल तर आधी तो बांधा. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात आलेली काळविटं उघड्या विहिरीत पडून मरतात.