मिरगाआधी फॉग लाइट

फॉग लाइटला पिवळी फिल्म लावायचीच असेल तर मिरगाच्या आधी लाव. आणि फिल्म आणायला जाण्यापूर्वी एक रात्र गाडी भिंतीसमोर उभी कर. जागा सपाट हवी, चाकांत हवा बरोबर हवी, डिकीत नेहमी असतं तेवढंच सामान हवं. भिंत दिव्यापासून दहा मीटरवर ठेव. फॉग लाइटचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोज, तेवढ्याच उंचीवर भिंतीला खडूने आडवी रेघ मार आणि दिवे लाव. उजेडाची वरची कड रेघेच्या साधारण वीतभर खाली पडायला हवी आणि दोन्ही दिव्यांची कड एका पातळीत दिसायला हवी. कड रेघेवर किंवा तिच्या वर चढत असेल, तर दिव्याला जुळवणीचा स्क्रू असतो तो फिरवून दिवा खाली घे. पुष्कळ गाड्यांत हा स्क्रू बंपरच्या खालून किंवा चाकाच्या आतलं प्लास्टिक थोडं बाजूला केलं की हाती लागतो. सापडला नाही तर मेकॅनिककडे जा, पण हे काम झाल्याशिवाय रंगाचा विचार करू नकोस.

मी एवढा हट्ट धरतो त्याला कारण आहे. दाणोली सोडून तू आंबोलीचा घाट चढायला लागलास की पावसाळ्यात जे धुकं लागतं, तो रस्त्यावर टेकलेला ढगच असतो. त्यात अप्पर मारलास तर उजेड पाण्याच्या कणांवर आपटून तुझ्याच डोळ्यांत परत येतो आणि काचेपुढे पांढरा पडदा उभा राहतो. फॉग लाइट खाली बंपरमध्ये बसवतात आणि त्याचा झोत रुंद, चपटा ठेवतात तो एवढ्याचसाठी. तुझी नजर ज्या धुक्यातून जाते ते त्याने कमी उजळतं आणि खाली रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी, गटार, कठड्याचा पाया तेवढा दिसतो. हे सगळं काम दिव्याच्या उंचीचं आणि कोनाचं आहे.

पिवळा उजेड धुकं फोडून जातो असं तुला रेडियमवाला सांगेल, गाडीवाले मित्रही सांगतील. ते खरं नाही. धुक्याचा कण प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो, त्यामुळे तो निळा, पिवळा, तांबडा सगळ्यांना जवळजवळ सारखाच विखुरतो. धुकं पांढरं दिसतं ते याचमुळे. मग पिवळ्याचा फायदा कशात? डोळ्यांत. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भाग बराच असतो, तो परत आला की डोळ्यांना जास्त खुपतो आणि निळ्या रंगावर आपली नजर नीट ठरतही नाही. पिवळी फिल्म तो निळा भाग गाळून टाकते. तासभर ओल्या रस्त्यावर गाडी चालवल्यावर हा फरक कळतो, डोळे कमी शिणतात. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने गाड्यांचे पुढचे दिवेच पिवळे केले होते, ते १९९३ पर्यंत चालले. तिथेही हेतू समोरच्याचे डोळे दिपू नयेत हाच होता. आपल्याकडे जुन्या ट्रकांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग पिवळा रंगवायचे, तेही त्याचसाठी.

तुझ्या गाडीत पांढरे एलईडी आहेत म्हणून मी हो म्हणतोय. साधे हॅलोजन असते तर मुळातच त्यांचा उजेड पिवळसर, वर फिल्म लावून नुसता थोडा उजेड वाया गेला असता. फिल्म कोणतीही असो, काही उजेड खातेच. म्हणून गडद घेऊ नकोस. फिकट, पारदर्शक पिवळी घे, दिव्यासाठीच येते ती. धुरकट काळी फिल्म दिव्यावर लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि निळी-तांबडी तर कायद्यातही बसत नाही. पुढच्या फॉग लाइटला पांढरा किंवा पिवळा, दोनच रंग चालतात. हेडलाइटला हात लावायचा नाही. एकाच काचेत फॉग लाइट आणि इंडिकेटर असतील तर इंडिकेटरचा भाग उघडा ठेव.

रंगीत जिलेटिन कागद, काचेवर चित्रं काढायचा रंग, नेलपॉलिश, स्प्रेचा डबा यातलं काही नको. जिलेटिन उष्णतेने चुरगळतो, रंग सारखा बसत नाही आणि ओघळलेल्या रंगाने झोताची कड मोडते. कड मोडली की आपण भिंतीसमोर केलेली सगळी मेहनत फुकट.

आता लावायचं कसं. सकाळी सावलीत बस, वारा आणि धूळ नको. दिवा थंड असू दे. आधी शाम्पूने धू, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन दोनदा पूस. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. आजकालची दिव्याची काच बहुतेक वेळा पॉलीकार्बोनेटची असते, थिनर लागला की तिच्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या जात नाहीत. काच धुरकट झाली असेल तर हजार आणि मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरव, त्यावर पॉलिश कर आणि पुन्हा धू.

फिल्म चारी बाजूंनी दोन बोटं जास्त काप. फवाऱ्याच्या बाटलीत अर्धा लिटर पाणी आणि बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब घाल. काच ओली कर, फिल्मचा मागचा कागद सोलताना डिंकाची बाजूही ओली कर, बोटं ओली ठेव, नाहीतर डिंकावर ठसे उमटतात. फिल्म ठेवल्यावर ती काचेवर सहज सरकली पाहिजे. मध्यभागी बसव, जुन्या एटीएम कार्डाला मऊ कापड गुंडाळ आणि मधून बाहेर पाणी काढत जा. बाक आला की तिथे सुरकुती उभी राहते. ती दाबू नकोस. फिल्म तिथपर्यंत उचल, हेअर ड्रायरची ऊब दे आणि मऊ पडली की दोन्ही हातांनी हळू ताणून पुन्हा बसव. या एका जागी घाई झाली की फिल्म वाया जाते, म्हणून दोन दिव्यांना तीन तुकडे होतील एवढी आण.

कडा कापायला नवं पातं घे. पात्याचं टोक काचेवर टेकवायचं नाही, काच आणि बंपर यांच्यामधल्या फटीतून चालवायचं, वरून फक्त फिल्म कापली गेली पाहिजे. मग कडेला पुन्हा ऊब देऊन अंगठ्याने दाब. पाण्याचे बारीक फुगे राहिले तर काही दिवसांत आपोआप सुकतात. हवेचा फुगा मात्र सुईने टोचून बसवावा लागतो. एक दिवस गाडी सावलीत राहू दे आणि आठवडाभर प्रेशरने धुऊ नकोस. हे सगळं सुकायला कोरडी हवा लागते, म्हणून मिरगाच्या आधी.

संध्याकाळी परत भिंतीसमोर जा आणि कड तपास.

घाटात धुकं लागलं की डिपर आणि फॉग लाइट लाव, वेग तीसच्या आत आण, आणि हॅझर्ड लाइट लावून चालवू नकोस. सगळे तेच करतात, पण त्याने तू वळणार आहेस की थांबणार आहेस हे मागच्याला कळत नाही. धबधब्याजवळ तर माणसं रस्त्यावरच उभी असतात. तुझ्या आईला घाटात गाडी लागते, तिच्यासाठी थांबायचं झालं तर वळण संपल्यावर, रस्ता रुंद असेल तिथे पूर्ण बाजूला घे, आणि तेव्हा हॅझर्ड लाव. धुकं सरलं की फॉग लाइट बंद कर, समोरच्याच्या डोळ्यांवर कशाला.

फिल्म कायमची नसते. उन्हाने ती फिकट आणि कडक होते, बारीक खड्यांनी टोचली जाते. कड उचलायला लागली की काढून टाक. ड्रायरने गरम कर, एका कोपऱ्यातून सावकाश, काचेला लागून मागे ओढ. डिंक राहिला तर खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेव, मग शाम्पूने धू आणि अल्कोहोलने पूस, म्हणजे नवी फिल्म बसवायला काच तयार.