आवाज एकाच फोनमध्ये होता

२०२२ ची आखाजी ३ मे रोजी होती. पारोळ्याजवळच्या आमच्या गावी त्या दिवशी निंबाच्या फांदीला झोका बांधला होता. खानदेशात आखाजी हा लेकींचा सण. माहेरी आलेल्या मुली, गौराई, सांजोऱ्या, खापरावरची पुरणपोळी, आमरस आणि दुपारभर गाणी. धुळ्याहून माझी आत्या आली होती. तिला आम्ही सगळे फुई म्हणतो. ती आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आजी ओसरीत बसून अहिराणीत गात होत्या. एक गाणं संपलं की दुसरं, मध्येच एखाद्या ओळीवरून दोघींचा वाद, मग हसू. मी फोनचा व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून उशीवर ठेवला. दोन दिवसांत एकेचाळीस फाइली झाल्या, जवळपास अडीच तासांच्या.

त्याच वर्षी डिसेंबरात आजी गेली. पुढच्या मे महिन्यात फोन गेला. त्या फाइली दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

नात्यात आणि गल्लीत फोनचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात. कुणाचं गुगल खातं अडकलं, कुणाचं व्हॉट्सॲप उघडत नाही, कुणाला नवा फोन घ्यायचा आहे. वीस वर्षांची ही आवड आहे. म्हणून ही हकिगत सविस्तर सांगतो. माझ्या हातून जे घडलं, ते माहिती कमी होती म्हणून घडलं नाही. पडद्यावर ‘बॅकअप चालू आहे’ असं दिसत होतं आणि त्याचा अर्थ मी तपासला नव्हता.

फोन २०२० च्या दिवाळीत घेतलेला. तिसऱ्या उन्हाळ्यात बॅटरी दुपारपर्यंतच टिकू लागली. मे महिन्यात जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला गाडीने जाताना तो डॅशबोर्डवर चार्जिंगला लावून नकाशा चालू ठेवायचो. एक दिवस डिस्प्लेची कड किंचित वर आलेली दिसली. बॅटरी फुगली होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायला वेळ नाही म्हणून स्वस्तातली, बिननावाची बॅटरी बसवून घेतली. तीन आठवड्यांनी चार्जिंगला लावलेला फोन तापला आणि बंद पडला, तो कायमचा.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्तीची दुकानं आहेत. तिथल्या एका कारागिराने मायक्रोस्कोपखाली बोर्ड पाहिला, मीटर लावला आणि सरळ सांगितलं, “भाऊ, पॉवर आयसी शॉर्ट आहे, सीपीयूपण गेलाय. दुसरा बोर्ड टाकून फोन चालू करून देतो, पण तुमचं आतलं काही निघणार नाही.” मी म्हटलं, मेमरीची चिप तर शाबूत आहे ना? ती काढून वाचता नाही येणार? तो म्हणाला, “चिप वाचता येईल, पण हाती कचरा लागेल.”

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पूर्वीच्या फोनमधली मेमरी चिप उतरवून वेगळ्या यंत्रावर वाचली, की फोटो आणि फाइली मिळायच्या. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं आणि त्यापासून प्रत्येक नव्या फोनला आतली साठवण कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड ठेवणं बंधनकारक झालं. या कुलपाची किल्ली दोन गोष्टींपासून बनते. एक तुमचा पिन किंवा पॅटर्न आणि दुसरं त्या फोनच्या प्रोसेसरमध्ये दडलेलं गुपित, जे बाहेर काढता येत नाही. प्रोसेसर मेला की अर्धी किल्ली त्याच्याबरोबर जाते. चोराच्या हाती फोन लागला तर ही व्यवस्था आपलं रक्षण करते. फोन मेला तर तीच आपल्यालाही दारात अडवते. आयफोनची रचनाही अशीच आहे. म्हणून ‘डेटा काढून देतो’ असं कुणी म्हटलं, तर पहिला प्रश्न हा विचारावा, की बोर्ड जिवंत करून काढणार का? बोर्ड जिवंत होत असेल तर आशा आहे. नुसती चिप काढण्याची भाषा असेल, तर नव्या फोनच्या बाबतीत पैसे देऊ नयेत.

मग तो ‘चालू’ असलेला बॅकअप कसला होता?

अँड्रॉइडचा अंगभूत बॅकअप ॲपची माहिती, सेटिंग, एसएमएस आणि कॉलची यादी नेतो. गुगल फोटोज फोटो आणि व्हिडिओ नेतं. व्हॉट्सॲप स्वतःची संभाषणं आणि त्यातल्या चित्रफिती नेतं. व्हॉइस रेकॉर्डरने तयार केलेली साधी ऑडिओ फाइल या तिन्हींच्या मधून निसटते. डाउनलोड फोल्डरमधल्या पीडीएफचं तेच होतं. सातबारा, विम्याची पावती, मुलाची गुणपत्रिका, सगळं फक्त फोनमध्येच राहतं. नवा फोन घेऊन मी खात्यात शिरलो तेव्हा लग्नाचे फोटो आले, पाच वर्षांपूर्वीचे मेसेज आले, अगदी घराच्या वायफायचा पासवर्डही आला. आजीचा आवाज आला नाही.

हे सगळं जळगावात घडावं याचं मला जास्त वाईट वाटलं. इथून जवळच असोद्याला १८८० मध्ये बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या रचत आणि म्हणत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातलं जे वहीत उतरवून घेतलं, ते उरलं. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह छापला गेला. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि त्यामागे ऐकता ऐकता लिहून घेतलेली एक वही आहे. अलीकडच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या आज कुणालाही वाचता येतात आणि त्यातल्या कित्येक बायांच्या आवाजात ऐकताही येतात. माझ्याकडे वहीपेक्षा कितीतरी चांगलं साधन होतं, पण त्यातून बाहेर दुसरी प्रत गेली नव्हती.

आता घरात कुणाचाही आवाज, कुठलाही महत्त्वाचा कागद फोनमध्ये आला की काय करायचं, ते ठरवून टाकलं आहे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला तीन-दोन-एकचा नियम जगभर वापरला जातो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. ऐकायला हे मोठ्या ऑफिसचं काम वाटतं. घरी ते पंधरा मिनिटांत होतं.

पहिली प्रत फोनमध्ये असतेच. दुसरी क्लाउडवर. गुगल ड्राइव्ह उघडायचं, ‘घरचे आवाज’ असा फोल्डर करायचा आणि रेकॉर्डिंग त्याच दिवशी तिथे हाताने चढवायचं. जागेची चिंता अनेकांना वाटते, म्हणून हिशोब सांगतो. १२८ केबीपीएस दर्जाचा आवाज मिनिटाला साधारण एक एमबी घेतो. म्हणजे गुगलच्या मोफत १५ जीबीत अडीचशे तासांहून अधिक आवाज मावतो. माझे अडीच तास दीडशे एमबीत बसले असते, दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओइतक्या जागेत. मात्र १ जून २०२१ पासून गुगल फोटोजचे नवे फोटो याच १५ जीबीत मोजले जातात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच धरला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो. त्यामुळे महिन्यातून एकदा किती जागा उरली आहे आणि शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे, हे दोन्ही पाहावं.

तिसरी प्रत लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह घेताना फार स्वस्त भावाला भुलू नये. चार-आठ जीबीच्या चिपवर मोठा आकडा दाखवणारं सॉफ्टवेअर भरून नकली ड्राइव्ह विकले जातात. कॉपी झाल्यासारखी दिसते, फाइलींची नावंही दिसतात, पण जागा संपल्यानंतरचं सगळं पोकळ असतं. नवा ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून पाहणारी मोफत सॉफ्टवेअरं आहेत. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’, लिनक्स आणि मॅकवर ‘एफथ्री’. एकदा तपासलं की निर्धास्त.

व्हॉट्सॲपवरून पाठवायचं असेल तर मायक्रोफोनच्या चिन्हाने व्हॉइस मेसेज करू नये, त्यात आवाज फार दाबला जातो. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की मूळ दर्जा टिकतो, आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते. फाइलीचं नावही लगेच बदलावं. कोण गातंय, कुठे, कोणत्या सणाला आणि कोणत्या वर्षी, एवढं नावातच हवं. ‘रेकॉर्डिंग ०२७’ या नावावरून वीस वर्षांनी नातवाला काहीच कळणार नाही.

शेवटची गोष्ट किल्लीची. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं म्हणून त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली कागदपत्रं त्यांच्या मागेही अभ्यासकांना पाहायला मिळाली. आपल्या डिजिटल दप्तराला असा वारस नेमावा लागतो. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. आपण ठरावीक महिने खातं उघडलं नाही, तर कुणाला कळवायचं आणि काय सोपवायचं, ते तिथे लिहून ठेवता येतं. आयफोनमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नावाने वारस नेमायची सोय आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये हे आपण शेजारी बसून करून द्यावं.

या अनुभवानंतर ‘कोणता फोन घेऊ?’ या प्रश्नाला माझं उत्तर बदललं. पूर्वी मी रॅम, मेगापिक्सेल, प्रोसेसर यांची तुलना करून द्यायचो. आता आधी विचारतो, या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पिक्सेल ८ ला गुगलने आणि जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सॅमसंगने सात वर्षांचं वचन दिलं. ते महाग फोन आहेत. दहा-पंधरा हजारांच्या फोनचं वचन बहुतेकदा याहून कमी असतं आणि प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर ते वाचून मगच पैसे द्यावेत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरायला हवी. आपल्याकडेही ग्राहकाने दुकानात हाच प्रश्न विचारायला सुरुवात केली पाहिजे.

दुसरा प्रश्न, कंपनीचं सर्व्हिस सेंटर जळगाव किंवा धुळ्यात आहे का, आणि मूळ बॅटरी केवढ्याला मिळते? केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती असते. तक्रार असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

तिसरी गोष्ट आपल्या उन्हाची. ॲपल आयफोन वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान योग्य असल्याचं सांगतं. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, आणि बंद गाडीच्या काचेमागे त्याहून कितीतरी वर. लिथियम बॅटरी तापलेली असताना चार्ज केली, तर आतली रसायनं लवकर झिजतात, वायू तयार होतो आणि ती फुगते. म्हणून उन्हाळ्यात प्रवासात फोन एसीच्या झोतासमोर किंवा पिशवीत ठेवावा, चार्जिंग सावलीत करावं, चार्ज होताना जाड कव्हर काढावं. डिस्प्ले किंवा मागचं झाकण उचललेलं दिसलं की त्याच क्षणी चार्जिंग थांबवावं, बॅटरी दाबू नये, टोचू नये, आणि दुरुस्तीला देण्यापूर्वी सगळ्या फाइली बाहेर काढाव्यात. फोन चालू होता त्या तीन आठवड्यांत मी एवढं एकच केलं असतं तरी पुरलं असतं.

एक तुकडा मात्र वाचला होता. आखाजीच्याच दिवशी मी घरच्या ग्रुपवर एक फाइल पाठवली होती, पुण्याच्या चुलत बहिणीने ती जपून ठेवली होती. चाळीस सेकंद. मागे कोंबड्याचं आरवणं, झोक्याचा करकर आवाज, आणि आजीचं दुसरं कडवं सुरू होता होता रेकॉर्डिंग तुटतं.

गेल्या आखाजीला मी धुळ्याला देवपुरात फुईकडे गेलो. आधी तिची गाणी घेतली, तिथेच लॅपटॉपवर उतरवली, ड्राइव्हवर चढवली आणि पुण्याला पाठवली. ती सगळं बघत होती. म्हणाली, “मन्हा आवाज आते कोठे शे?” मी बोटांवर मोजून जागा सांगितल्या. मग तिला तो चाळीस सेकंदांचा तुकडा ऐकवला. डोळे मिटून ती ऐकत राहिली. आजीचा आवाज जिथे तुटला, तिथूनच तिने पुढचं कडवं उचललं. मी घाईने रेकॉर्डरचं लाल बटण दाबलं.