अनोळखी गाण्याला ओळखीचा शेजार

पोरी, शुक्रवारी पणजीच्या बारमध्ये फारसे न ऐकलेले मांडो, म्हणजे आपली संथ कोंकणी गाणी, गाणार आहेस, हे ऐकून बरं वाटलं. गळा तयार आहेच. बाकीचं मी सांगतो.

सुरुवात ओळखीच्या गाण्यानं कर. ख्रिस पेरींच्या चालीची, लोर्नानं गाजवलेली एक-दोन गाणी आधी होऊ देत. टेबलं गुणगुणायला लागली की मगच अनोळखी गाणं काढ. लागोपाठ दोन अनोळखी नकोत.

वेळ सांभाळ. संथ मांडो आठच्या सुमारास घे. नंतर गलबला वाढतो. अंगणात बसवलं असेल तर दहाला माईक बंद. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियमच तसे आहेत.

आधी दोन वाक्यं बोल. रचना कुणाची, आणि गाण्यात कोण कुणाला काय सांगतंय. समोरच्या कित्येकांना कोंकणी कळत नसते. एवढं सांगितलंस की सूर त्यांच्यापर्यंत पोचतो.

मांडो एकटा सोडू नकोस. जुन्या जाणत्यांनी मांडोमागे दुलपद हे द्रुत गाणं जोडलं ते उगाच नव्हे. मांडोनं माणूस स्थिरावतो, दुलपदानं त्याचे हात टाळीला येतात. मांडो नवखा असेल तर त्याची दोनच कडवी घे आणि दुलपद सगळ्यांना पाठ असलेलं निवड.

दुसरा आवाज हवाच. मांडो दोन आवाजांत गायची रीत आहे. गिटारवाल्याला खालचा आवाज बसवून दे. साथीला घुमट हे वाद्य घेणार असशील तर बकऱ्याच्या कातड्याचं घे. घोरपडीच्या कातड्याला कायद्यानं बंदी आहे.

गोंगाट वाढला तरी ओरडू नकोस. माईक ओठांजवळ आण, आवाज खाली घे आणि सगळ्यात जवळच्या टेबलासाठी गा. ते टेबल गप्प झालं की शेजारचंही होतं.

निरोपाचा मांडो शेवटी ठेव. तोर्कातो द फिगेरेदोंची ती रचना सगळ्यांना येते. गाऊ दे त्यांना तुझ्याबरोबर.

आणि हे मात्र विसरू नकोस: दर शुक्रवारी नवं अनोळखी गाणं काढत बसू नकोस. तेच गाणं चार-पाच शुक्रवार गा. पहिल्यांदा लोक नुसतं ऐकतील, पुढे त्यांना चाल आठवेल, मग कुणीतरी फर्माईश करील. वहीत लिहून ठेवलेली आपली कितीतरी गाणी पुन्हा पुन्हा गाणारं कुणी न मिळाल्यानंच विसरली गेली. तू एक गाणं जरी लोकांच्या तोंडी बसवलंस, तरी मोठं काम झालं.