किटवरून स्टिरिओ अँप्लिफायर : कारागिरासाठी काही व्यवहारी गोष्टी

देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावात रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर आज मोबाईलच जास्त दिसतात. ज्यांनी उस्तादाच्या हाताखाली बसून सोल्डरिंग शिकले, त्यांचे ते हुन्नर निम्मे वाया जात आहे. अशा कारागिरास सुटे भाग आणून घरच्या घरी चांगला स्टिरिओ अँप्लिफायर जोडता येईल काय, आणि तो विकून चार पैसे राहतील काय, असा प्रश्न विचारला जातो. दोन्हींचे उत्तर होय असे आहे. मात्र त्यासाठी आधी थोडे गणित करावे लागते, आणि आपले बंधू नेमका तिथेच कंटाळा करतात.

किटचा धंदा नवा नाही. अमेरिकेत हीथकिट या कंपनीने १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचे किट काढले आणि पुढे अँप्लिफायर, रेडिओ, टीव्हीपर्यंत सर्व काही सुट्या भागांत विकले. सोबत पायरीपायरीने लिहिलेले पुस्तक असे. दुकानदार, शेतकरी, शाळामास्तर अशा लोकांनी ते वाचून सेट जोडले. आपल्याकडे १९६९ मध्ये दिल्लीहून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे मासिक निघू लागले व त्यातील सर्किटे पाहून पुष्कळ जण शिकले. माल घ्यायचा तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जाता येते. आजही तिथे तयार बोर्ड, आयसी, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, नॉबपर्यंत सर्व मिळते.

तिथे गेल्यावर पहिला मोह होतो तो '४४४०' च्या बोर्डाचा. एलए ४४४० ही सान्यो कंपनीची आयसी. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, म्हणून गाडीत आणि टेपमध्ये ती फार वापरली गेली. कंपनीच्या स्वतःच्या कागदानुसार ती दोन चॅनेलना प्रत्येकी ६ वॉट, आणि ब्रिज करून जोडल्यास १९ वॉट देते. त्यावरच्या बोर्डाला '१०० वॉट' म्हणून विकणारे भेटतात आणि डब्यावर 'पीएमपीओ १००० वॉट' छापणारेही भेटतात. पीएमपीओ हे कोणतेही प्रमाणित माप नाही; ज्याला जो आकडा आवडला तो त्याने लिहिला. शिवाय २०११ मध्ये सान्योचा सेमीकंडक्टर विभाग ऑन सेमीकंडक्टर या कंपनीने घेतला. तेव्हा आज 'नवा सान्यो माल' म्हणून जो मिळतो त्याकडे संशयानेच पाहावे. आयसी घेताना छपाई बोटाने घासून पाहावी, एकाच पुडीतील दोन नगांची अक्षरे जुळतात का ते पाहावे, आणि बाजारभावाच्या निम्म्या किमतीत मिळणारा माल सोडून द्यावा.

घरात गाणी, नात, बातम्या स्वच्छ ऐकायच्या असतील तर एलएम १८७५ ही पाच पायांची आयसी कारागिराला सोयीची आहे. एका चॅनेलला एक, स्टिरिओला दोन. तिला अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्टेज लागते व मर्यादा ±३० व्होल्टची आहे. आता दुकानदार सांगेल, १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर लावा. हिशेब करू. १८ गुणिले १.४१ म्हणजे २५ व्होल्ट डीसी. ठीक वाटते. परंतु ट्रान्सफॉर्मर मोकळा चालू असताना, म्हणजे आवाज बंद असताना, लहान ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज सहज दहा टक्के वर असते. १८ चे जवळपास २० होतात. त्यात घरात २३० ऐवजी २५० व्होल्ट आले तर ते साडेएकवीस. गुणिले १.४१ केल्यावर ३० होतात, डायोडचा पाऊण व्होल्ट वजा करूनही आयसी अगदी काठावर. ज्या लाइनवर संध्याकाळपर्यंत पंप चालतात आणि रात्री एकदम बंद होतात, तिथे २५० व्होल्ट ही काही नवलाची गोष्ट नव्हे. सेट रात्री कोणी न वाजवता जळाला, अशी तक्रार ग्राहक आणतो, आणि कारागीर आयसीला दोष देतो.

म्हणून १५-०-१५ घ्यावा, ३ अँपियरचा. त्याच हिशेबाने तो वाईटात वाईट वेळी २५ व्होल्टच्या आत राहतो. लोडवर साधारण २० व्होल्ट मिळतात, आयसी त्यातले चार-एक व्होल्ट खाते, उरलेल्या १६ चा वर्ग भागिले स्पीकरच्या ८ ओहमची दुप्पट, म्हणजे एका बाजूला १६ वॉट. हे कमी वाटेल. पण ज्या स्पीकरचा आवाज १ वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल आहे, तो १६ वॉटला १०० डेसिबल देतो. तेवढ्या आवाजात घरातली माणसे बाहेर जाऊन बसतील.

ट्रान्सफॉर्मरवर '३ अँपियर' लिहिलेले असते, ते खरेच असते असे नाही. तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार गुंडाळलेला नग वजनाला हलका लागतो. खात्री करायची तर दोन्ही टोकांच्या ३० व्होल्टवर १० ओहम, १०० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लावून अर्धा तास ठेवावा. रेझिस्टर खूप तापतो, तो विटेवर ठेवावा. व्होल्टेज २७ च्या खाली घसरले किंवा ट्रान्सफॉर्मरला हात लावून ठेवता येईना, तर माल परत.

जोडणीत तीन ठिकाणी घात होतो. एलएम १८७५ चा पत्रा आतून उणे व्होल्टेजला जोडलेला असतो, त्यामुळे मायका व बुश न लावता ती हीट सिंकवर कसली आणि हीट सिंक डब्याला टेकला की सप्लाय शॉर्ट. दुसरे, ट्रान्सफॉर्मरची मधली तार, फिल्टर कंडेन्सर, स्पीकरची परत येणारी तार व इनपुटची ग्राउंड ही सर्व एकाच बिंदूवर आणावीत. वाटेल तिथे टेकवली की घूं घूं आवाज येतो. तो घालवण्यासाठी काही जण अर्थिंगची पिन कापतात. हे कधीही करू नये, लोखंडी डब्याला अर्थ असलाच पाहिजे. तिसरे, पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये ६० वॉटचा जुना तारेचा दिवा घालावा. एलईडी दिवा या कामाचा नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर लगेच बंद. नंतर स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजावा, ५० मिलिव्होल्टच्या आत असला तरच स्पीकर जोडावा.

बॉक्स हे सुताराचे काम, आणि खरा आवाज तिथेच बनतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये व पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात याचे गणित मांडले. चांगल्या स्पीकरच्या कागदावर क्यूटीएस व व्हीएएस हे दोन आकडे असतात. समजा ते ०.४ आणि ५० लिटर आहेत. बंद बॉक्स आतून २५×२५×४० सेंटिमीटर केला तर तो २५ लिटरचा होतो. ५० भागिले २५ अधिक १, त्याचे वर्गमूळ १.७३, गुणिले ०.४ म्हणजे ०.७ च्या जवळ. हाच आकडा बंद बॉक्ससाठी उत्तम मानतात. प्लाय १८ मिलिमीटरचा, सांधे आतून फेव्हिकॉलने बुजवलेले. आकडे न देणारा स्पीकर कितीही चकचकीत असला तरी सुतार अंधारात काम करतो.

एक पर्याय सांगितला पाहिजे. टीपीए ३११६ सारख्या क्लास-डी आयसीचे छोटे बोर्ड आता सर्वत्र मिळतात, १९ व्होल्टच्या लॅपटॉप अडॅप्टरवर चालतात आणि फारसे तापत नाहीत. ट्रान्सफॉर्मरचा खर्चच वाचतो. कानाला फरक फार थोडा. दुरुस्तीला मात्र त्यात वाव नाही, बोर्ड बदलणे एवढेच.

आता हिशेबाची वही. समजा भागांना ३,६०० रुपये लागले. मुंबईची फेरी ८०० रुपयांची, त्यात चार सेटचा माल आणला, म्हणून २०० प्रत्येकी. सोल्डर, स्क्रू, वायर आणि हातून जळणारी एखादी आयसी यांसाठी २५०. झाले ४,०५०. ग्राहकाने ४,५०० ला मागितला आणि 'नऊशे सुटले' म्हणून दिला, तर प्रत्यक्षात दोन दिवसांच्या कामाचे ४५० रुपये हाती आले. दिवसाची मजुरी ६०० धरली तर सेटची किंमत ५,२५० होते, आणि सहा महिन्यांची हमी द्यायची असेल तर त्याचे वेगळे. तेवढ्या रकमेत तयार ब्लूटूथ स्पीकर मिळतो, हेही ग्राहक बोलून दाखवील. त्याला आपला सेट त्याच्याच जुन्या स्पीकरवर वाजवून दाखवावा, आणि पावतीवर '१६ वॉट, ८ ओहम, दोन चॅनेल' असे स्पष्ट लिहून द्यावे.