चेरीचं रोप घेण्याआधी



मागच्या महिन्यात कासारवाडीच्या बैठकीत एका ताईंनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. पान एकही नाही, अख्खं झाड गुलाबी फुलांनी भरलेलं. नाव 'चेरी ब्लॉसम'. त्यांनी ४०० रुपयांना रोप मागवलं, दारात लावलं, दोन उन्हाळे पाणी घातलं. फूल काही आलं नाही. "माझंच काहीतरी चुकलं असेल," त्या म्हणाल्या.

ताई, तुमचं काही चुकलं नाही. पण महिना १०० रुपये बचत धरली, तर चार महिन्यांची बचत गेली. म्हणून आजचा पाठ यावरच.

फूल का येत नाही?

फुलांची चेरी थंड मुलखातली. हिवाळ्यात ती पानं गाळून झोपते. जपानी चेरीच्या कळ्यांना कित्येक आठवडे साधारण ७ अंशांखालची थंडी लागते, तेव्हाच त्या जाग्या होतात. आपल्याकडे डिसेंबरात रात्री गारठा पडतो, पण दुपारी ऊन तापतंच. शिलाँगला नोव्हेंबरात हिमालयातली चेरी, म्हणजे पद्मकाष्ठ, फुलते. पण ते गाव सुमारे १५०० मीटर उंचावर आहे, आपण ६०० मीटरच्याही खाली.

'सिंगापूर चेरी' मात्र इथे छान वाढते. तिला बारीक पांढरी फुलं आणि गोड लाल फळं येतात. ते झाड वेगळंच, नावाला फसू नका.

मग काय लावायचं?

१. गिरिपुष्प (उंदीरमारी): गावाकडे बांधावर असतं तेच. जानेवारी ते मार्चमध्ये पानं गळतात आणि फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरतात. खर्च शून्य.

२. कांचन: आपट्याच्या जातीचं, पान तसंच दुभंगलेलं. मोठी गुलाबी-जांभळी फुलं. अंगणात मावतं, कळ्यांची भाजीही करतात.

गिरिपुष्प असं लावा

- पावसाच्या तोंडावर अंगठ्याहून जाड, पक्की फांदी घ्या. लांबी ३ ते ४ फूट.
- खालचं टोक तिरकं कापा, फूटभर खोल रोवा, माती घट्ट दाबा.
- पाऊस ओढला तर पाणी द्या.
- पावसाळ्यानंतर छाटणी करू नका, नाहीतर फुलं मिळणार नाहीत. फुलं सरल्यावर छाटा. पाला शेतात उत्तम हिरवळीचं खत होतो.

सांभाळा: उंदीरमारी हे नाव उगाच पडलेलं नाही. बी, साल, पाला विषारी असतो, लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. शेळ्यांना पाला दुसऱ्या चाऱ्यात थोडाच मिसळून द्या. विजेच्या तारेखाली आणि भिंतीला चिकटून कुठलंच झाड लावू नका.

गटासाठी काम

उन्हाळ्यात कांचनाच्या वाळलेल्या शेंगा गोळा करा. बी रात्रभर भिजवा, पिशवीत पेरा. पावसाळ्यात रोपं विकायला होतील. विकताना नाव खरंच सांगा. 'चेरी' म्हटलं तर एकदाच विकलं जाईल, 'कांचन' म्हटलं तर गिऱ्हाईक पुन्हा येईल.

पुढच्या बैठकीत बोला: फोटो बघून आपण आणखी काय काय विकत घेतलं? घेण्याआधी गटात कुणाला विचारलं होतं का?

त्या ताईंनी आता गावाहून गिरिपुष्पाच्या दोन फांद्या आणायचं ठरवलंय. तुम्हीही आणा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक