घरातील पाणीगळती आणि तिची आगाऊ वर्दी



'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण बचतीसाठी वापरतो. गळक्या नळालाही ती तितकीच लागू पडते. सेकंदाला एक थेंब पडतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरले, तर दिवसाला सव्वाचार लिटरांहून जास्त आणि वर्षाला सुमारे १,५७५ लिटर पाणी वाया जाते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. त्या हिशेबाने हे एका माणसाचे जवळजवळ महिन्याचे पाणी झाले.

नळाचा थेंब निदान डोळ्यांना दिसतो. भिंतीतल्या पाइपचा थेंब दिसत नाही आणि तोच घर पोखरतो. मातीच्या भिंतीचा पाया त्याने मऊ होतो. स्लॅबमधली सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटून खपल्या पडतात. ओल विजेच्या बोर्डापर्यंत पोचली तर जिवाशीच गाठ. म्हणून गळती लवकर कळणे महत्त्वाचे.

आधी बिनखर्चाची तपासणी

रात्री निजण्यापूर्वी सगळे नळ बंद करावेत. वरच्या टाकीत पाणी येणे थांबवून आतल्या पातळीवर खूण करावी. सकाळी कोणी पाणी घेण्याआधी पातळी बघावी. टाकी गोल व १ मीटर व्यासाची असेल, तर १ सेंटीमीटर उतार म्हणजे सुमारे ८ लिटर पाणी कोठेतरी गेले. मग दुसऱ्या रात्री स्वयंपाकघराचा कॉक, तिसऱ्या रात्री न्हाणीघराचा कॉक असे एकेक बंद करून बघावे. दोष कोणत्या फाट्यावर आहे ते सापडते.

संडासच्या फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाकावी आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात निळे पाणी उतरले, तर आतला वॉशर गेला असे समजावे.

वर्दी देणारे यंत्र

ही तपासणी रोज होत नाही. तेथे 'वॉटर लीक सेन्सर' उपयोगी पडतो. ही हाताच्या तळव्यात मावणारी, सेलवर चालणारी डबी असते. खालच्या अंगाला धातूची दोन टोके असतात. आपल्या नळाच्या, विहिरीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्याने त्यातून वीज वाहते. दोन्ही टोके ओली झाली की त्यांच्यामधून अगदी बारीक प्रवाह सुरू होतो आणि डबी भोंगा वाजवते. 'स्मार्ट' म्हणतात त्या डब्या भोंग्याबरोबर वायफायवरून मोबाईलवर निरोपही धाडतात.

दुसरा प्रकार मुख्य पाइपवर बसतो आणि वाहणारे पाणी मोजतो. ठिबक करणाऱ्या सभासदांना हे लगेच उमजेल. मेनलाइन फुटली की दाबमापकाचा काटा खाली येतो आणि शेतभर न फिरताही बिघाड कळतो. तसेच घरात कोणी पाणी घेत नसताना मीटर फिरत राहिला, तर हे यंत्र इशारा देते. भिंतीतली गळती डबीला कळत नाही. ती या यंत्राला कळू शकते.

डबी कोठे ठेवावी?

जेथे एरवी कोरडे असते आणि गळती झाल्यास पाणी प्रथम येते, तेथे. उदाहरणार्थ, सिंकखाली, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राजवळ, कपडे धुण्याच्या यंत्रामागे, माळ्यावरच्या टाकीशेजारी. धान्याच्या कोठीला लागून पाइप जात असेल, तर तेथे आधी. न्हाणीघराच्या नेहमी ओल्या फरशीवर ठेवण्यात अर्थ नाही. रोजच्या भोंग्याला कंटाळून घरातली माणसे सेलच काढून ठेवतात. महिन्यातून एकदा ओल्या फडक्यावर ठेवून भोंगा वाजतो का ते बघावे. टोकांवर क्षारांचा पांढरा थर बसला असल्यास पुसावा.

वर्दी मिळाली, पुढे काय?

खरी गोम येथे आहे. डबी गळती सांगते, थांबवत नाही. तोडणीच्या दिवसांत सगळे घर रानात असते. भोंगा वाजला तरी ऐकणार कोण? पुण्या-मुंबईच्या मुलाला मोबाईलवर निरोप गेला, तरी तो तेथून कॉक कसा फिरवणार? शिवाय वीज गेली की वायफायची पेटी बंद पडते आणि निरोप जात नाही. टाकीचे पाणी मात्र विजेवाचून उतरतच राहते. म्हणजे गळती चालू आणि वर्दी बंद!

यावर आम्ही पुढील गोष्टी सुचवतो.

१. टाकीखालचा मुख्य कॉक कोठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो, हे घरातल्या बायका-मुलांसह सर्वांना दाखवून ठेवावे. तो महिन्यातून एकदा फिरवावा. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक ऐनवेळी जाम होतो.

२. घर बंद करून परगावी जाताना मुख्य कॉक बंद करूनच जावे. याला पैसा लागत नाही.

३. किल्ली एका विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी.

४. ऐपत असल्यास सेन्सरच्या इशाऱ्यावर आपोआप बंद होणारा मोटरचा व्हॉल्व्ह बसवावा. तो वीज नसतानाही चालेल याची खात्री करून घ्यावी.

५. बोर्डाजवळ पाणी आढळल्यास त्या पाण्यात पाय न घालता, कोरड्या हाताने, कोरड्यात उभे राहून मेन स्विच पाडावा. तेथवर कोरड्याने जाता येत नसेल, तर लांब राहून वायरमनला बोलवावे. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर सेन्सरच्या आधी तो बसवून घ्यावा.

सेन्सर ही चांगली सोय आहे. ज्याला जमेल त्याने जरूर घ्यावी. पण खर्चाचा क्रम चुकवू नये. आधी रात्रीची तपासणी, मग गळका वॉशर आणि जाम कॉक यांची दुरुस्ती, नंतर सेन्सर. राखणदार ठेवायचा तो धड कुंपण घातल्यावर!